उपयोग काय?

आपल्याकडे कुठलीही नवी गोष्ट कानावर आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पण याचा उपयोग काय?" कुणाचा मुलगा संस्कृत घेऊन एम.ए. करतोय, उपयोग काय? कुणाची सून पक्ष्यांच्या नोंदी ठेवते, उपयोग काय? शाळेत असताना मुलं मला व्याकरणाच्या तासाला हेच विचारायची. "बाई, समास येऊन उपयोग काय?"

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी कधी वाईट म्हटलं नाही. आमच्या डोलवी-गडब पट्ट्यात खारीची शेती. भाताचं एकच पीक, आणि उधाणाला बांध फुटला, खांड गेली की तेही खाऱ्या पाण्यात. अशा घरांनी उपयोग विचारायचा नाही तर कोणी विचारायचा? माझं म्हणणं एवढंच आहे की हा प्रश्न केव्हा विचारायचा आणि उत्तरासाठी किती थांबायचं, याचाही काही हिशेब असावा.

हे लिहायचं कारण घरचंच आहे. आमच्या पुतण्याची लेक इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर झाली. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आहे, पत्र हातात आहे. आणि ही म्हणते, नोकरी नको, मला संशोधन करायचंय. गेटच्या परीक्षेत मार्क चांगले आहेत, एका संस्थेतून पीएचडीच्या मुलाखतीचं बोलावणंही आलंय. विषय काय, तर माणसाच्या मेंदूसारख्या चालणाऱ्या चिप! घरात जे व्हायचं ते झालं. आई गप्प, बाबा चिडलेले, आणि आजीचा तोच प्रश्न, "उपयोग काय?" घरची मंडळी माझं लिखाण वाचतात. समोरासमोर बोललं की आवाज चढतात, म्हणून लिहिते आहे.

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली. चिप म्हटलं की मला बटाट्याचीच आठवते. पण या मुलीने तीन रविवार माझ्यासमोर बसून मला हा विषय मराठीत सांगितला आणि मी जुन्या सवयीने वहीत उतरवून घेतला. तिच्या बोलण्यात पवईच्या आय.आय.टी.तल्या एका प्राध्यापकांचं नाव सारखं येत होतं, उदयन गांगुली. त्यांच्या कामाबद्दल जे समजलं ते आधी सांगते, कारण घरातल्या वादाचं उत्तर मला त्यातच सापडलं.

गांगुलींनी मद्रासच्या आय.आय.टी.तून २००० साली बी.टेक. केलं, ते धातुशास्त्रात. म्हणजे आपल्या डोलवीच्या पोलाद कारखान्यात ज्या विषयाच्या इंजिनियरांना बोलावतात, तोच विषय. तिथून अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पदार्थविज्ञानात पीएचडी. मग अप्लाइड मटेरियल्स या कंपनीत नोकरी. चिप बनवायची यंत्रं जगाला पुरवणारी ही कंपनी, आणि काम फ्लॅश मेमरीचं, पेन ड्राइव्हमध्ये असते ती. आणि २०१० साली ही नोकरी सोडून ते पवईला विद्युत अभियांत्रिकी विभागात शिकवायला आले.

पोलादाचा विषय शिकलेला माणूस कॉम्प्युटरच्या स्मृतीकडे कसा वळला, हे मला आधी कळेना. मग पोरीने सांगितलं की चिप म्हणजे शेवटी पदार्थच. कुठला पदार्थ किती जाडीचा आणि कशावर बसवायचा, तो तापवला की कसा वागतो, यावर सगळं आहे. पवईला त्यांच्या गटाने ज्या पदार्थावर बरंच काम केलं, त्यात प्रॅसिओडिमियम नावाचं एक दुर्मिळ मूलद्रव्य, कॅल्शियम, मँगनीज आणि ऑक्सिजन असतो. यातलं मँगनीज आपल्याला परकं नाही, पोलादात घालतात. या पदार्थाच्या पातळ थराला विजेचा एक झटका दिला की त्याचा विरोध बदलतो, आणि वीज गेली तरी तो बदल तसाच राहतो. म्हणजे पदार्थाच्या लक्षात राहतं! लाईट गेली की आपलं सगळं विसरणारा कॉम्प्युटर ज्यांनी पाहिलाय, त्यांना याचं मोल सांगायला नको.

आता मेंदूसारखी चिप म्हणजे काय? नेहमीच्या कॉम्प्युटरमध्ये माहिती साठवायची जागा एक आणि हिशेब करायची जागा दुसरी. समजा तांदूळ, डाळ, मीठ-मिरची सगळं माळ्यावर ठेवलंय आणि चूल खाली आहे. चिमूटभर मीठ लागलं तरी शिडी चढायची. स्वयंपाकापेक्षा शिडी चढण्या-उतरण्यातच जीव जातो. कॉम्प्युटरची बरीचशी वीज आणि वेळ या शिडीवरच खर्च होतो. आपल्या मेंदूत माळा आणि चूल वेगळी नाही. जिथे आठवण तिथेच विचार. म्हणून मेंदू सुमारे २० वॅटवर चालतो. पूर्वी देवघरात जो झिरोचा बल्ब लावायचो, त्याच्याहून थोडी जास्त वीज. तेवढ्यात माणूस चेहरे ओळखतो, भांडतो, गाणं म्हणतो आणि सत्तर वर्षांपूर्वीचा अपमानही लक्षात ठेवतो.

उलट आजकाल ज्या 'एआय'चं कौतुक चाललंय, त्याची यंत्रं मोठमोठ्या इमारतींत ठेवावी लागतात. ती तापतात, म्हणून त्यांना थंड करायला पुन्हा वीज. असं एक प्रचंड डेटा सेंटर २०२० साली आपल्याच रायगड जिल्ह्यात पनवेलला सुरू झालं. म्हणजे ही वीज दूर कुठे अमेरिकेत जळते आहे असं नाही, आपल्या शेजारी जळते आहे.

यावर पवईच्या या मंडळींनी जे केलं, ते मला आमच्या खारीच्या भाषेत चटकन समजलं. ट्रान्झिस्टर म्हणजे आपल्या बांधातली उघाडी. हवं तेव्हा पाणी सोडायचं, हवं तेव्हा अडवायचं. चिपमध्ये अशा कोट्यवधी उघाड्या. त्या जितक्या लहान कराव्यात तितक्या एका चिपमध्ये जास्त बसतात. पण फार लहान केल्या की बंद उघाडीतूनही विजेचे कण झिरपतात. बांधाला खेकड्याने बीळ पाडलं की पाणी येतं, हे आपण पाहतो. इथे तर बीळसुद्धा नसतं. कण भिंतीच्या अलीकडे असतो आणि पलीकडे निघतो. क्वांटम टनेलिंग म्हणतात त्याला. चिप बनवणारे सगळे या गळतीच्या मागे लागलेले, ही थांबवायची कशी?

गांगुली आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती गळतीच कामाला लावली. मेंदूतली पेशी काय करते, तर आजूबाजूने येणारे इशारे साठवते आणि भांडं भरलं की एकदम एक ठिणगी पुढे पाठवते. अशी पेशी चिपवर करायची तर भांडं हळूहळू भरलं पाहिजे. नळाच्या धारेखाली लोटी धरली तर ती क्षणात भरते. हळू भरायची तर एकतर मोठा रांजण आणा, नाहीतर धार बारीक करा. रांजणाला चिपवर जागा नाही. राहिली बारीक धार. आणि बारीक धार कुठे आहे? त्या गळतीत! शंकराच्या पिंडीवरच्या अभिषेकपात्रातून थेंब थेंब पडतो, तशी. ४५ नॅनोमीटरच्या चिप-तंत्रात त्यांनी अशी पेशी करून दाखवली. एक मीटरचे १०० कोटी भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. एका ठिणगीला लागणारी ऊर्जा आधीच्या तशाच आकाराच्या उत्तम पेशीपेक्षा ५,००० पटींनी कमी, असं २०२२ साली जाहीर झालं.

ज्याला सगळ्यांनी दोष म्हणून हाकललं, त्यातूनच कोणीतरी काम काढलं. शाळेत मी अशी मुलं पाहिली आहेत, म्हणून मला हे फार आवडलं.

पण या प्राध्यापकांच्या कामातली मला सगळ्यात मोलाची वाटली ती गोष्ट वेगळीच आहे. मोहालीला सरकारी सेमिकंडक्टर कारखाना १९८४ च्या सुमारास सुरू झाला होता. १९८९ साली त्याला आग लागली आणि आपला देश चिपच्या शर्यतीत जो मागे पडला तो पडलाच. तो कारखाना पुढे पुन्हा उभा राहिला, १८० नॅनोमीटरच्या चिप करू लागला. त्या कारखान्यासोबत पवईच्या गटाने एकदाच लिहिता येणारी मेमरी तयार केली. साधी मेमरी म्हणजे पाटी, लिहा आणि पुसा. ही मेमरी म्हणजे अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख, एकदा कोरलं की कायम. प्रत्येक चिप बनताना तिच्यात बारीकसा फरक राहतो. तो किती आणि कसा दुरुस्त करायचा, याची नोंद त्या चिपवरच कोरून ठेवायला ही मेमरी लागते. हे तंत्र मोहालीने उत्पादनासाठी स्वीकारल्याचं २०२१ साली जाहीर झालं.

किती मेमरी होती ती? आठ बिट. मोबाईलमध्ये अब्जावधी बिट खिशात घेऊन फिरणाऱ्या आपल्याला आठ बिट म्हणजे हसू येईल. पोरीने सांगितलं तेव्हा मलाही आधी आकडा चुकीचा ऐकला असं वाटलं. पण बाहेरून आणलेलं तंत्र वापरणं आणि आपल्या प्रयोगशाळेत सुचलेलं तंत्र आपल्या कारखान्यात चालवून दाखवणं, यात अंतर आहे. ते अंतर कापायला या माणसाला पवईत आल्यापासून ११ वर्षं लागली. लहान मूल पहिल्यांदा आपलं नाव लिहितं तेव्हा आपण किती अक्षरं लिहिली ते मोजत नाही.

आणि ही ११ वर्षंही एकट्याची नव्हेत. त्यांच्या आधी पवईला प्रा. जुझर वासी होते, प्रा. चांदोरकर होते. चांदोरकर सरांची चिप बनवण्यावरची व्याख्यानमाला आजही इंटरनेटवर कुणालाही फुकट ऐकता येते, आमच्या मुलीने ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना ऐकली. २००६ साली सरकारच्या पैशाने पवई आणि बंगळूरला नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रं सुरू झाली, त्यात वासींबरोबर प्रा. रामगोपाल राव पुढे होते. देशातल्या इतर कॉलेजांतल्या संशोधकांनाही तिथे येऊन काम करता येईल अशी सोय झाली. या सगळ्यांना त्यांच्या नातेवाइकांनी विचारलंच असेल की देशात चिपचा धड कारखाना नाही आणि तुम्ही चिप शिकवता, उपयोग काय? मग डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने चिप उद्योगासाठी ७६,००० कोटींची योजना जाहीर केली. आता चिप जाणणारी माणसं हवीत म्हणून शोधाशोध. ती माणसं तयार कोणी केली? ज्यांना आपण तीस वर्षं उपयोग विचारत होतो त्यांनी! माणसं काही सरकारी आदेश निघाल्यावर सहा महिन्यांत पिकत नाहीत. त्यांचं रोप आधी कुणीतरी लावून ठेवावं लागतं.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल आत्याला काय, पेन्शन आहे, सुचतात गोष्टी.

असलं सगळंच संशोधन फळाला येतं असं नाही. १९७० च्या दशकात चुंबकीय बुडबुड्यांच्या मेमरीचा मोठा गाजावाजा होता. चांगल्या चांगल्या प्रयोगशाळा त्यामागे होत्या. दहा-पंधरा वर्षांत ती बाजारातून गेली, आज कुणाला नावही आठवत नाही. मेंदूसारख्या चिपचंही तसं होऊ शकेल. अमेरिकेतल्या कार्व्हर मीड यांनी १९८० च्या दशकात ही कल्पना मांडली, आणि अजून आपल्या घरातला कॉम्प्युटर जुन्याच पद्धतीने चालतो. पण दुसरंही उदाहरण आहे. जॉन हॉपफील्ड यांनी मेंदूच्या जाळ्यासारखं गणित १९८२ साली मांडलं. मधली कितीतरी वर्षं या विषयाकडे लोक पाठ फिरवून होते. २०२४ साली त्यांना जेफ्री हिंटन यांच्यासोबत भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ४२ वर्षांनी. बुडबुडा कुठला आणि नोबेल कुठलं, हे पहिल्या वर्षी कुणालाच सांगता येत नाही. ज्याला ते आधी कळायलाच हवं, त्याने या वाटेला जाऊ नये.

म्हणून तिच्या संशोधनाचा उपयोग काय होईल, याचं उत्तर मी देत नाही. ते तिलाही माहीत नाही. मी शिक्षिका आहे, मला एवढंच पाहता येतं की या मुलीला हा विषय पचलाय का. आणि तो पचलाय. विषय कळला नसेल तर माणूस मोठमोठे इंग्रजी शब्द फेकतो. हिने मला उघाडी, लोटी आणि माळ्यावरच्या मिठातून सांगितलं. मी मध्येच अडवून उलटसुलट विचारलं तरी गोंधळली नाही. एका ठिकाणी म्हणाली, "आजी, हे मला अजून कळलेलं नाही, कळलं की सांगते." आणि पुढच्या रविवारी येऊन सांगितलंही! इतक्या वर्षांच्या नोकरीत अशी मुलं मी दोन हातांच्या बोटांवर मोजली. ती अशीच सुटून जाताना पाहणं मला जड जातं.

लग्नाचं म्हणाल तर पीएचडी होईपर्यंत २७-२८ वर्षांची होईल. होऊ दे. पुण्याच्या नोकरीत राहिली तरी आजकाल तेवढं वय होतंच, मग इथेच ते मोजायचं कशाला? "मुलगा असता तर वेगळी गोष्ट" हे वाक्य गेल्या महिन्यात आपल्याच घरात बोललं गेलं. कोणी बोललं ते लिहीत नाही. मुलगा असता तर त्याला लवकर कमवायला लागायचं म्हणून अडवलं असतं, मुलगी आहे म्हणून लग्नासाठी अडवायचं. अडवणं काही चुकत नाही.

पैशाचा मुद्दा मात्र खरा आहे, तो मी हसण्यावारी नेणार नाही. पुतण्या कंत्राटावर काम करतो, घराचं कर्ज आहे, धाकटा बारावीला आहे. पीएचडीची शिष्यवृत्ती २०२३ पासून सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आहे. सॉफ्टवेअरच्या पगाराइतकी नाही, पण पोरगी उपाशीही राहणार नाही. वसतिगृह आणि जेवण भागवून थोडं घरीही पाठवू शकेल. फरक पडेल तो घरात येणाऱ्या रकमेत, आणि तो पाच वर्षांचा आहे.

आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याला विनोबांचा जन्म झाला, हे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. ते १९१६ साली परीक्षेला म्हणून निघाले आणि मुंबईला न जाता काशीला गेले. तेव्हा त्यांच्या घरीही कुणाला आनंद झाला नसेल. दुसऱ्याच्या घरातल्या अशा मुलाचा अभिमान बाळगणं फार सोपं असतं.

प्राध्यापक मंडळींनाही एक सांगणं आहे. तुमचं काम इंग्रजी नियतकालिकांत छापून येतं, ते यायलाच हवं. पण वर्षातून एकदा पेण, रोहा, माणगावसारख्या ठिकाणच्या शाळेत येऊन तुम्ही काय करता ते मराठीत सांगा. तुमच्यातल्या कुणाला मराठी येत नसेल तर तुमचे विद्यार्थी सांगतील, त्यांच्यात आमची मुलं आहेत. आमच्या मुलांना इंजिनियर म्हटलं की दोनच गोष्टी दिसतात, कारखान्याचं गेट नाहीतर पुण्याची बस. तिसरी वाट असते हे त्यांना कुणी दाखवलेलंच नाही. आणि पालकांना तुमचं काम कळलं तर "उपयोग काय" विचारतानाचा त्यांचा सूर तरी बदलेल.

असो. फार लांबलं.

मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. निर्णय तिच्या आईवडिलांचा आणि तिचा, मी त्यात हुकूम सोडणार नाही. फक्त एवढं नोंदवून ठेवते. तिच्या पगारातून दर महिन्याला जी रक्कम घरात येईल असं धरलं होतं, त्यातून शिष्यवृत्तीतली तिची बचत वजा करा. जो फरक उरेल तो पहिली दोन वर्षं माझ्या पेन्शनमधून मिळेल. कर्ज म्हणून नव्हे. दोन वर्षांत धाकट्याचंही मार्गी लागलेलं असेल, मग पुढचं पुढे बसून ठरवू. पण तोपर्यंत या घरात तिला कुणीही, अगदी चहा पितानासुद्धा, तो प्रश्न विचारायचा नाही.